अनुसयाबाईंच्या नडगीच्या हाडाची नोंदणी करून घेणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रुग्ण तक्रार व वैद्यकीय यंत्र पडताळणी कक्ष,
नंदुरबार.

अर्जदार : दामिनी मोतीलाल पाटील, वय ४१, व्यवसाय ग्रंथपाल (कनिष्ठ महाविद्यालय), राहणार अक्कलकुवा, मूळ गाव ब्राह्मणपुरी, ता. शहादा.

विषय : मयत अनुसयाबाई मोतीलाल पाटील यांच्या उजव्या नडगीचे हाड आपल्या कक्षाच्या आवक नोंदवहीत नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. ३ फेब्रुवारी २०२५ (निकाली).
२) अर्जदाराचा अर्ज दि. १७ मार्च २०२५ (निकाली).
३) अर्जदाराचा अर्ज दि. ५ मे २०२५ (निकाली).

महोदय,

१. अर्जदार ही मयत अनुसयाबाई यांची एकुलती एक मुलगी आहे. आपल्या कक्षाच्या छापील नमुन्यात 'मी' या शब्दाला जागा नाही, सगळीकडे 'अर्जदार' लिहावे लागते. पहिल्या अर्जाच्या वेळी हे खटकले होते. आता सोयीचे वाटते. 'अर्जदार' लिहिले की वाक्य पूर्ण होते.

२. अनुसयाबाई ब्राह्मणपुरीच्या. केळीच्या बागेत चाळीस वर्षे वाकून त्यांचे दोन्ही गुडघे झिजले होते, त्यातही उजवा जास्त. घरात त्या भिंत धरून चालत आणि त्याबद्दल कुरकुर करत नसत. कुरकुर होती ती एसटीच्या पहिल्या पायरीबद्दल. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शहाद्याहून बस पकडून त्या अक्कलकुव्याला लेकीकडे यायच्या. गेली दोन वर्षे ती पायरी त्यांना चढवत नव्हती. मागून कोणीतरी ढकलावे लागे, आणि ढकलून घेणे त्यांना आवडत नसे. उजवा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला त्या तयार झाल्या त्या एवढ्या एका पायरीसाठी.

३. त्यांची अट एकच होती, आणि तिचे कारण घरात सर्वांना माहीत होते. अर्जदाराचे वडील कै. मोतीलाल यांचा पाय बैलगाडीखाली आला तेव्हा ताण देण्यासाठी त्यांच्या नडगीत आरपार खिळा घातला होता. ती जखम अकरा महिने वाहिली. रोज सकाळी अनुसयाबाई ती धूत. खिळ्याच्या कडेने येणाऱ्या पाण्याचा वास त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून शहाद्याच्या गोमाईतीर अस्थी व सांधे रुग्णालयात डॉ. करणसिंग राऊळ यांच्यासमोर खुर्चीवर बसताच, नाव-गाव सांगण्याआधी त्या म्हणाल्या, "हाडमा खिया ठोकाना नही. बाकी तुले जे करनं ते कर."

४. डॉ. राऊळ याच जिल्ह्यातले. ते आनंदाने म्हणाले की आजी, तुम्ही योग्य ठिकाणी आलात. मग त्यांनी समजावून सांगितले. ते येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे एका शब्दावर अडते.

तेथे गुडघ्याचे हाड रोबो कापतो, पण रोबोला हाड आपोआप दिसत नाही. शस्त्रक्रियेआधीच्या सीटी स्कॅनवरून गुडघ्याचा नकाशा संगणकात तयार होतो. तो नकाशा टेबलावरच्या खऱ्या हाडावर नेमका बसवावा लागतो, तेव्हाच कुठे किती कापायचे ते रोबोला कळते. या बसवण्याला ते लोक 'नोंदणी' म्हणतात. जुन्या पद्धतीत मांडीच्या आणि नडगीच्या हाडात दोन-दोन खिळे घालून त्यांवर खुणेची चौकट उभी करतात आणि उघड्या हाडाला कांडीने तीस-चाळीस जागी टेकवून संगणकाला हाडाची ओळख करून देतात. नव्या पद्धतीत खिळे नाहीत. चौकट बाहेरून पट्ट्याने बांधतात आणि जेल लावून कातडीवरून सोनोग्राफीची मूठ फिरवतात. आवाज आत जातो, हाडावर आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून हाड किती खोल आहे हे संगणक ठरवतो.

"खिळा नाही, छिद्र नाही, आजी. नुसता आवाज," डॉक्टर म्हणाले.

"आवाज तं मन्हा गुडघाबी करस रे भाऊ," अनुसयाबाई म्हणाल्या. "तोच ऐकाडी दे तुन्हा रोबोले."

सगळे हसले. डॉक्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटले, "खिया नही. शब्द देस, आजी." अर्जदार तेथे हजर होती. हा शब्द कोणत्याही कागदावर नाही. तो अर्जदाराच्या कानात आहे, आणि आता या अर्जात.

५. अर्जदाराने त्यानंतर या पद्धतीविषयी मिळेल ते वाचले. पद्धत चांगली आहे. उद्या ती चुकीशिवाय चालू लागली तर कितीतरी पाय खिळ्यांतून वाचतील. अर्जदाराचे वैर यंत्राशी नाही. पण आवाज प्रत्येक शरीरातून सारखा जात नाही, हेही त्याच वाचनात होते. चरबी, सूज, जुना व्रण, काहीही आड आले की परत येणारा आवाज फसतो. अनुसयाबाईंच्या गुडघ्यांभोवती बिब्ब्याचे जुने डाग होते, कातडी तेथे जाड आणि ताठर झालेली. तपासणीच्या दिवशी यंत्रावरच्या तंत्रज्ञाने, मिथुन त्यांचे नाव, बोट ठेवून विचारले, "आजी, हाई काय शे?"

"बिब्बा. तुन्हा रोबोना आजानं औषध."

ते डाग केसपेपरवर लिहिले गेले. म्हणजे माहीत होते.

६. आता तो शब्द. संमतीपत्रात चौदा कलमे होती. अर्जदार पुस्तकांत वाढलेली असल्याने तिने चौदाही वाचली. कलम ९ असे : 'अल्ट्रासाउंडद्वारे नोंदणी अयशस्वी झाल्यास पर्यायी नोंदणी करण्यात येईल.' अर्जदाराने विचारले, पर्यायी नोंदणी म्हणजे काय? रुग्ण समन्वयक दिपालीताई म्हणाल्या, "ते केसपेपरचं असतं, ताई. कॉम्प्युटर बंद पडला की आम्ही रजिस्टरमध्ये हातानं नोंदणी करतो ना, तेच."

दिपालीताई मुद्दाम खोटे बोलल्या असे अर्जदार म्हणत नाही. त्या बिचाऱ्या दिवसभर नोंदणीच्याच खिडकीत बसतात. अर्जदारही आयुष्यभर नोंदणीच करत आली आहे. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत चढवायचे, क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा. दोघींना त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, आणि डॉक्टरांना दुसरा. एकाच कागदावर दोन अर्थ बसले होते आणि सही एकच होणार होती.

अनुसयाबाईंनी विचारले, "काय लिखेल शे?"

अर्जदार म्हणाली, "काही नाही माय. कागदावरची नोंदणी आहे."

"तू वाचेल शे ना? मंग दे आठे."

आणि त्यांनी सही केली. आपल्या कक्षाने या प्रकरणात दोषींची यादी केलीच, तर पहिले नाव डॉ. राऊळ यांचे लिहावे. दुसरे अर्जदाराचे लिहावे. अर्जदार ते खोडण्यासाठी वेगळा अर्ज करणार नाही.

७. दि. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी शस्त्रक्रिया झाली. अनुसयाबाईंना कमरेखाली बधिर केले होते. डोक्याने त्या पूर्ण जाग्या होत्या. बाहेर आणल्यावर पहिले वाक्य त्यांनी हे उच्चारले : "मजारमा त्यासनी भिला सुतारले बलायेल व्हतं का?"

भिला नाना हे ब्राह्मणपुरीचे सुतार; त्यांना आत बोलावले होते का, असे त्या विचारत होत्या. सगळे हसले. रोबो हाड कापतो म्हणजे आवाज होणारच, असे सर्वांनी धरले. अर्जदारही हसली. हे हसणे अर्जदाराला रोज आठवते.

नंतर मिळालेल्या कागदांत यंत्राची एक पट्टी चुकून जोडलेली आली. तिच्यावर आत काय घडले ते छापलेले आहे. पहिला प्रयत्न, चूक ४.१ मिलिमीटर. दुसरा, ३.८. तिसरा, ४.४. चालणारी चूक दीड मिलिमीटरपर्यंत. त्याखाली एक ओळ : 'पर्यायी नोंदणी, खिळे ४. नोंदणी यशस्वी.'

म्हणजे तीनदा आवाज पाठवला, तीनदा हाड सापडले नाही, आणि मग ज्याला नाही म्हटले होते तेच केले. मध्ये पडदा होता आणि पडद्याच्या अलीकडे एक जागी बाई होती. "आजी, खिळे घालावे लागतील, घालू का?" एवढे एक वाक्य लागले असते. आजी नाही म्हणाल्या असत्या. पाय तसाच शिवून त्यांना घरी पाठवावे लागले असते, आणि खिळ्याविना केलेल्या रुग्णांची डॉक्टरांची यादी तिसावर थांबली असती. म्हणून विचारले नाही, अशी अर्जदाराची खात्री आहे.

८. गुडघ्याच्या मोठ्या टाक्यांखेरीज मांडीवर दोन आणि नडगीवर दोन छोटे टाके होते. ते नळीचे आहेत असे सांगितले गेले. तिसऱ्या दिवशी अनुसयाबाई वॉकर धरून वऱ्हांड्यात चालल्या, तेव्हा फोटो काढला. तो आठ दिवसांत शहाद्याच्या बसस्थानकासमोर मोठ्या फलकावर लागला. फलकावर अनुसयाबाई हिरव्या लुगड्यात हसत उभ्या आहेत आणि वर लिहिले आहे : 'खिळा नाही. छिद्र नाही. ३१ यशस्वी नोंदणी.' गावाहून जाणारे-येणारे फोन करून सांगत की अनुसयामाय शहाद्याले टांगेल शे. त्या लाजत, पण खूश होत्या.

९. दि. २४ डिसेंबर रोजी सकाळी अनुसयाबाई स्टुलावरून उठल्या आणि पाय टेकताच उजवी नडगी मोडली. त्या पडल्या नाहीत. आधी मोडले, मग त्या खाली बसल्या. शेजारच्या खोलीत काकू कमलबाई होत्या. त्यांनी आवाज ऐकला आणि त्यांना वाटले कोणी वाळलेली फांदी मोडली. रुग्णालयाने कागदावर 'घरी पडल्यामुळे' असे लिहिले. प्लास्टर घातले. पंधरा-सोळा दिवस त्या उताण्या पडून राहिल्या. पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली, आणि दि. ९ जानेवारी २०२५ रोजी दुपारी, चहा मागून, तो येण्याआधी त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर फुप्फुसातील गुठळी हे कारण आहे. ते खरे आहे. गुठळी का झाली, तर त्या पडून होत्या. पडून का होत्या, तर हाड मोडले. हाड का मोडले, हे लिहिण्यासाठी दाखल्यावर रकाना नाही.

१०. त्यांना शेवटची आंघोळ काकूंनी आणि अर्जदाराने घातली. प्लास्टर कापून काढले होते. काकूंचा हात नडगीवर थांबला. "दामू, नळ्या तं गुडघामा घालतस. आठे कसाले घाल्यात? आणि दोन दोन?"

अर्जदाराने पुढचा तांब्या भरला. पाणी घालत राहिली.

तिसऱ्या दिवशी अर्जदार अस्थी गोळा करायला गेली. चिता भिला नानांनी रचली होती, राख सारायलाही तेच होते. गुडघ्यात बसवलेला धातूचा तुकडा काळवंडून पडला होता, त्याच्या बाजूला नडगीचा वीतभर तुकडा. नानांनी तो उचलला, फुंकला, डोळ्यासमोर धरला आणि आरपार पाहिले. एक गोल छिद्र पूर्ण होते. दुसरे अर्धे होते, हाड जेथे मोडले नेमके त्या कडेवर. नाना म्हणाले, "हाई आगनं काम नही, माय. हाई गिरमिटनं काम शे."

आपल्या माहितीसाठी, गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. भिला नाना ते त्रेपन्न वर्षे वापरत आहेत.

बाकीच्या अस्थी प्रकाशा या तीर्थगावी संगमावर सोडल्या. हा तुकडा अर्जदाराने सोडला नाही. नातेवाईकांनी नावे ठेवली. आईला अर्धी नदीत आणि अर्धी कपाटात ठेवली, असे अर्जदाराच्या तोंडावर म्हटले गेले. ते बरोबर आहे.

११. दि. २० जानेवारी रोजी अर्जदार डॉ. राऊळ यांना भेटली. त्यांनी उभे राहून नमस्कार केला, पाणी मागवले. म्हणाले, "ताई, तुम्ही शिकेल-सवरेल बाई शेतस. सदुसष्ट वर्षांचं हाड होतं ते. आज ना उद्या मोडणारच." हाड रुमालातून काढून टेबलावर ठेवले तेव्हा ते खुर्ची मागे घेऊन म्हणाले, "जळलेल्या हाडाला भोकं पडतातच. नदीत सोडा आणि मोकळ्या व्हा."

अर्जदाराने मोजपट्टी काढली. दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंत २७ मिलिमीटर अंतर भरते. डॉक्टरांच्याच माहितीपत्रकात 'जुनी वेदनादायक पद्धत' या मथळ्याखाली खिळ्यांच्या चौकटीचे चित्र आणि माप आहे : २८ मिलिमीटर. आगीत हाड किंचित आकसते, ती सूट एक मिलिमीटर. आग दोन भोके सारख्या मापाची आणि ठरलेल्या अंतरावर पाडत नाही.

मग अर्जदाराने यंत्राची पट्टी पुढे ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली. बराच वेळ वाचली, खरे तर ती पाचच ओळींची आहे. आणि म्हणाले, "पण नोंदणी तर यशस्वीच झाली ना?"

महोदय, त्या दिवसापासून अर्जदाराला दुसरे काही ऐकू येत नाही.

१२. यानंतर अर्जदार नियमाने आपल्या कक्षाकडे आली. पहिल्या अर्जाच्या विषयात 'सोनोग्राफी' हा शब्द होता. म्हणून तो आपल्या गर्भलिंग निदान प्रतिबंधाच्या टेबलावर गेला आणि उत्तर आले : 'मयत महिलेचे वय ६७ असून ती गर्भवती असल्याचे दिसून येत नाही. सबब कायद्याचा भंग झालेला नाही. प्रकरण निकाली.'

दुसऱ्या अर्जात अर्जदाराने तो शब्द टाळून 'हाडाच्या नोंदणीतील फसवणूक' असे लिहिले. तो जन्म-मृत्यू दाखल्यांच्या टेबलावर गेला. उत्तर : 'मयताच्या मृत्यूची नोंद यापूर्वीच झालेली असून अवयवनिहाय नोंद घेण्याची तरतूद नाही. निकाली.'

तिसऱ्या अर्जात 'रोबो' लिहिले. तो भांडार शाखेत गेला. उत्तर : 'सदर रोबो या कक्षाच्या जडसंग्रह नोंदवहीत आढळून येत नाही. दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. निकाली.'

तिन्ही उत्तरे अर्जदाराने जपून ठेवली आहेत. त्यांत व्याकरणाची एकही चूक नाही. दरम्यान फलक वाऱ्याने फाटला तेव्हा अर्जदाराला वाटले, संपले. पुढच्या शनिवारी नवा लागला होता. फोटो आधीपेक्षा मोठा केला आहे. अर्जदार अक्कलकुव्याहून शहाद्याला उतरते आणि समोर आई उभी असते, पायांवर. ती ज्या पायरीसाठी गेली त्या पायरीवरून अर्जदार दर वेळी उतरते.

१३. म्हणून शब्दांचा नाद सोडून, गेल्या सोमवारी अर्जदार हाडच घेऊन आपल्या कक्षात आली. आवक लिपिक गिरधरभाऊ यांनी पुडी उघडली आणि हात मागे घेतला. "ताई, आवकमा कागद चढस. हाडं नही चढतस."

अर्जदार म्हणाली, हा पुरावा आहे.

"पुरावा कागदवर आना. नही तं जडसंग्रहमा खुर्च्या-कपाटं चढतस, तठे चढाडू का?"

खिडकीपाशी उभे असलेले लोक हसले. गिरधरभाऊंनाही नंतर वाईट वाटले असावे, कारण त्यांनी अर्जदाराला आतल्या बाकावर बसवले आणि हळूच सांगितले, "वर अर्ज लिखी आना. साहेबनी सही व्हयनी का मी हाडबी चढाडस." त्यांच्या त्या सांगण्यावरून हा अर्ज आहे.

१४. नोंदीवर अर्जदार एवढी का अडली आहे, हे ग्रंथालयातल्या कोणालाही कळेल. जे पुस्तक दाखल नोंदवहीत चढलेच नाही, ते हरवल्याची तक्रार करता येत नाही. फाडले, जाळले, रद्दीत विकले, तरी कोणाला विचारता येत नाही, कारण ते कधी आलेच नव्हते. आणि एकदा चढले की ते नाहीसे करायला कारण द्यावे लागते, सही करावी लागते, दर वर्षीच्या मोजणीला कोणीतरी त्याचा क्रमांक मोठ्याने वाचते आणि कोणीतरी 'आहे' म्हणते. अर्जदाराला हवे आहे की दर वर्षी आपल्या कक्षात कोणीतरी तो क्रमांक वाचावा आणि कोणीतरी 'आहे' म्हणावे. डॉ. राऊळ यांची बदली होत नाही, ते निवृत्तही लवकर होणार नाहीत. अर्जदाराला घाई नाही.

१५. तरी अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

(अ) सदर हाड 'नडगी, उजवी, मानवी, छिद्रे दीड' असे वर्णन करून आवक नोंदवहीत चढवावे आणि क्रमांकाची पोच अर्जदारास द्यावी.

(आ) डॉ. राऊळ यांना बोलावून, ते वापरतात तो खिळा त्यांच्याच हाताने या छिद्रातून घालायला लावावा. तो सैल बसला तर अर्जदार सर्वांसमक्ष त्यांची माफी मागेल. नेमका बसला तर त्यांनी तो तसाच धरून उभे राहावे, पंचनामा लिहून होईपर्यंत.

(इ) ज्या यंत्राला हे हाड कातडीखाली तीनदा सापडले नाही, त्याला ते आता कातडीशिवाय दाखवावे. पाण्याच्या घमेल्यात ठेवून सोनोग्राफीची मूठ फिरवावी आणि चूक किती मिलिमीटर येते ते डॉक्टरांनी मोठ्याने वाचावे.

(ई) बसस्थानकासमोरच्या फलकावरून अनुसयाबाईंचा फोटो उतरवून त्याच जागी, त्याच आकारात या हाडाचा फोटो लावावा, आणि '३१' खोडून '३०' लिहावे. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे. वर चिकटपट्टी लावू नये.

(उ) येथून पुढे प्रत्येक रुग्णाला कलम ९ डॉ. राऊळ यांनी स्वतः, रुग्णाच्या घरच्या बोलीत वाचून दाखवावे. त्यात 'पर्यायी नोंदणी' हा शब्द चालणार नाही. 'खिया' असे म्हणावे. डोंगरातल्या रुग्णासमोर त्याच्या बोलीतला शब्द शिकून घ्यावा. वाचताना हे हाड टेबलावर असावे.

(ऊ) हे सर्व झाल्यावर, अनुसयाबाईंच्या मुलीच्या हातून राहिलेले काम डॉ. राऊळ यांनी करावे. हाड प्रकाशाला नेऊन संगमात सोडावे, आणि मोकळे व्हावे.

यांपैकी काही मागण्या कायद्यात बसत नाहीत, हे अर्जदाराला माहीत आहे. तिने कायदाही वाचला आहे. (आ) ते (ऊ) नामंजूर झाल्या तरी अर्जदार तक्रार करणार नाही. (अ) नामंजूर झाली तर अर्जदार दर सोमवारी हाड घेऊन आवक खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहील. तिची अर्जित रजा १९४ दिवस शिल्लक आहे.

१६. एक बाब कळवायची राहिली. नोंद होईपर्यंत तुकडा हरवू नये म्हणून, नव्या पुस्तकाच्या पाठीवर घालतात तसा, काळ्या शाईने आणि बारीक अक्षरात अर्जदाराने त्याच्यावर क्रमांक घातला आहे. तो ३१ आहे. आपला क्रमांक मिळाल्यावर शेजारी लिहिण्यापुरती जागा सोडली आहे.

आपली, या अर्जापुरती नम्र,

(सही)
दामिनी मोतीलाल पाटील
नंदुरबार, सोमवार, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१. संमतीपत्राची छायाप्रत. (कलम ९ खाली शाईने रेघ अर्जदाराची.)
२. यंत्राच्या छापील पट्टीची छायाप्रत.
३. रुग्णालयाच्या माहितीपत्रकाचे पान ३.
४. फलकाचे छायाचित्र, जुना व नवा.
५. आपल्या कक्षाची तीन उत्तरे.
६. मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत.
७. हाड, एक. साक्षांकित प्रत काढता आली नाही. मूळ जोडले आहे.